तळ्याकडची भिंत

डेरीगॉर्म गावात डेटी मॅकगकिनच्या घराचा विषय निघाला की लोक हटकून हसायचे. घर बसकं, तीन खोल्यांचं. तीन भिंतींचे पोपडे निघालेले, दाराचा रंग कधीकाळी हिरवा असावा असा अंदाज करावा लागे; आणि चौथी, तळ्याकडची, आढ्यापर्यंत गेलेली भिंत मात्र पांढरीशुभ्र. दरवर्षी एप्रिलच्या शेवटी, तळ्यावरच्या माश्या उठायच्या आत, डेटी बादलीत चुना भिजवायची, लांब काठीला कुंचला बांधायची आणि तेवढी एकच भिंत रंगवायची. माश्या उठल्यावर रंगवली तर त्या ओल्या चुन्यात चिकटतात आणि भिंतीवर तीळ पेरल्यासारखे दिसतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण बाकीच्या तीन भिंतींनी काय घोडं मारलं होतं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"चुना संपला का गं, डेटी?" फ्रान्सी डेव्हलिन रस्त्यावरून जाताना हमखास विचारायचा. तो तिच्याहून दोन वर्षांनी मोठा, म्हणजे ऐंशीचा, आणि तरुणपणापासून असाच चोंबडा.

"आहे की. पण रस्त्याकडून तूच तेवढा येतोस. तुझ्यासाठी कोण नटणार?"

डेटीने लग्न केलं नाही. करायचं नव्हतं असं नाही, पण बाप फेलिक्स मासेमार, आई लवकर गेलेली, धाकटा भाऊ मॅलेकी छातीने अधू. अकराव्या वर्षी बापाने तिला होडीत बसवलं ते दोन वल्ह्यांपैकी एक धरायला कुणीतरी हवं म्हणून. लॉख नेय म्हणजे पलीकडचा काठ दिसता दिसता दिसत नाही एवढं पाणी. आम्ही त्याला नुसतं तळं म्हणतो, आणि ते एवढं मोठं आहे याची आठवण फक्त वारा सुटला की होते. त्या तळ्यावर डेटी बापाबरोबर नऊ वर्षं गेली. मग मॅलेकीची छाती सुधारली, त्याने वल्हं घेतलं, आणि डेटी घरी बसून जाळी विणू लागली. ती विणायची तशी जाळी आसपासच्या चारही गावांत कुणाला जमत नसत. तरी जाळ्यांची तारीफ केली की ती चिडायची. वल्हं हातातून गेल्याचं दुःख तिने कधी बोलून दाखवलं नाही, पण ते गेलंही नाही.

पाण्यावर खांब रोवता येत नाही. म्हणून मासेमार जागा लक्षात ठेवतो ती काठावरच्या खुणांनी. ही वस्तू त्या वस्तूवर आली की एक रेघ, दुसरीकडची ही त्यावर आली की दुसरी रेघ. दोन रेघा जिथे एकमेकींना कापतात तिथे आपलं खडप, म्हणजे तळाशी दगड असलेली जागा. हिवाळ्यात पोलन मासा त्याच दगडांवर अंडी घालतो. चंदेरी, वीतभर लांब, ओटच्या पिठात घोळवून लोण्यात तळला की घरभर वास दरवळतो. प्रत्येक घराचं आपलं एक खडप, आणि प्रत्येक घराच्या आपल्या खुणा. त्या उंबऱ्याबाहेर जात नाहीत. घरातही बोलायच्या नाहीत. बोलायच्या त्या फक्त होडीत, आणि ज्याच्या हातात वल्हं आहे त्यालाच.

बाहेरच्या कुणी विचारलंच तर? तर गप्प बसायचं नाही, ते उर्मटपणाचं दिसतं. शेजारची एखादी खूण सांगून द्यायची. विचारणाराही समजतो, सांगणाराही समजतो, आणि दोघं चहा पितात.

फेलिक्सने मरताना डेटीचा हात धरून सांगितलं होतं, "खुणा घरातच राहू देत, पोरी." मॅलेकी सहा वर्षांपूर्वी गेला. आता घरात म्हणजे डेटीच्या डोक्यात, आणखी कुठेच नाही.

एका उन्हाळ्यात तळ्यावर हिरवी साय आली. पाणी नासलं, फ्रान्सीचा कुत्रा ते पिऊन मेला, आणि ज्या लोकांनी आयुष्यभर तळ्याकडे पाठ करून घरं बांधली होती ते सुद्धा शाळेच्या हॉलमध्ये जमले. त्यातून तळेकाठ मंडळ निघालं. मंडळाने गवती छपराचं एक पडकं कोळीघर शाकारलं, ओढ्याकाठी वेताची झाडं लावली, जुन्या होड्या दुरुस्त केल्या. डेटीने मॅलेकीची होडी देऊन टाकली; अंगणात पालथी पडलेली बघवत नव्हती. कामासाठी मंडळाने एक मुलगी नेमली, सोरखा मॅकस्ट्रॅव्हिक. तिचे आजोबा तळ्याच्या पलीकडच्या काठचे मासेमार, पण ती स्वतः बेलफास्टमध्ये वाढलेली.

"पलीकडचे मॅकस्ट्रॅव्हिक म्हणजे आपली जाळी कापणारे," फ्रान्सीने जाहीर केलं.

"तिच्या आजोबाने कापली असतील. ती काय कात्री घेऊन आली आहे का?" डेटी म्हणाली. मुलगी तिला आवडली होती. दिलेला ब्रेड शेवटच्या तुकड्यापर्यंत खायची.

सोरखाने म्हाताऱ्यांच्या आठवणी टिपायचं काम काढलं. सात घरांत जाऊन बसली, छोटं यंत्र टेबलावर ठेवलं आणि जुन्या खुणा विचारल्या. डेटीकडे आली तेव्हा डेटीने चहा केला, सोडा ब्रेडवर लोणी जाड लावलं आणि शांतपणे सांगितलं, "चर्चचा मनोरा जुन्या शाळेच्या धुराड्यावर, आणि क्विनांचा गवताचा गोठा त्या मोठ्या पॉपलरच्या झाडावर." सोरखाने मनापासून आभार मानले. डेटीलाही बरं वाटलं. नीट, रीतीप्रमाणे वागल्याचं समाधान वाटलं.

पलीकडच्या काठची नात असली तरी पोरीला ही रीत कुणी शिकवलेली नव्हती, हे डेटीच्या लक्षातच आलं नाही.

सप्टेंबरमध्ये धक्क्यावर मोठा रंगीत फलक लागला. निळं तळं, त्यावर सात खडपं, प्रत्येकावर घराण्याचं नाव. मॅकगकिनांचं खडप क्विनांच्या गोठ्यासमोर, खऱ्या जागेपासून अर्धा मैल दक्षिणेला. डेटी फलकासमोर बराच वेळ उभी राहिली. बापाचं नाव छापलेलं पाहून तिचे डोळे भरून आले आणि जागा पाहून हसू आलं, दोन्ही एकदम. म्हणायचं काय होतं? पर्यटक फोटो काढतील आणि जातील.

पण नोव्हेंबरात सोरखा एक पत्र घेऊन आली. वाळू उपसायच्या बोटींना तळ्यात नवी जागा हवी होती. त्यांच्या नळ्या तळ ढवळून काढतात. खडप असो की काही, सगळं वर जातं. सरकारी खात्याने मंडळाला विचारलं होतं की पोलन कुठे अंडी घालतो ते दाखवा, तेवढी जागा सोडून देऊ. मुदत महिनाअखेरीची.

"फलकावरचा नकाशा आहेच ना आपल्याकडे," सोरखा उत्साहाने म्हणाली. "पाण्याखालचा कॅमेरा मिळालाय. सातही ठिकाणी सोडते, दगड दिसले की पाठवून देते. मॅकगकिनांचं उद्याच बघते."

डेटीने किटली खाली ठेवली. "उद्या वारा आहे," ती एवढंच बोलली.

वारा नव्हता. सोरखा गेली, कॅमेरा सोडला, आणि क्विनांच्या गोठ्यासमोर तिला फक्त चिखल दिसला.

ती रात्र डेटीने कूस बदलत काढली. खरं सांगावं तर बापाला दिलेला शब्द मोडतो. न सांगावं तर बापाचं खडपच जातं, मग शब्द राखायचा तो कशासाठी? दुसऱ्या दिवशी ती चर्चमध्ये गेली. फादर लव्हरी पापांच्या कबुलीच्या खोक्यात बसले होते.

"फादर, खुणेबद्दल खोटं बोलणं हे पाप आहे का?"

फादर जाळीजवळ सरकले. "होडीच्या खुणेबद्दल?"

"हो."

"ते पाप असतं ना डेटी, तर या गावात मला या खोक्यातून जेवायलाही उठता आलं नसतं." मग ते हळू आवाजात म्हणाले, "पण त्या मुलीला खरं वाटलं. ते वेगळं झालं. तेवढं निस्तर."

शुक्रवारी दुपारी शाळेच्या हॉलमध्ये सभा भरली. सोरखा पुढे उभी होती, डोळे सुजलेले. सात जागी कॅमेरा सोडला, ती म्हणाली, आणि सातही जागी चिखल. "मी चुकीचं टिपून घेतलं असणार. सगळ्यांनी मला एवढ्या मायेने सांगितलं आणि मी..." तिने हातातले कागद मिटले. "सोमवारी मुदत संपते. दाखवायला माझ्याकडे एकही खडप नाही. मी हे काम सोडते आहे. दुसरं कुणीतरी नीट करेल."

डेटीने मान वळवून पाहिलं. फ्रान्सी आपल्या टोपीची किनार तपासत होता. क्विन छताकडे बघत होता. मागच्या बाकावरचे दोघे कॉनवे भाऊ एकाच वेळी खोकले. तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. सातांपैकी सातांनी. एकानेही खरं सांगितलं नव्हतं, आणि प्रत्येकजण तोंडात गुळणी धरून बसला होता, कारण प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच लबाड आणि बाकीचे सहा सज्जन. तिला आधी हसू फुटणार होतं. मग पुढे उभ्या पोरीकडे पाहिलं आणि तिची तिलाच लाज वाटली.

ती उठली. गुडघे कुरकुरले.

"खाली बस पोरी," ती सोरखाला म्हणाली. "तू नीट टिपलंस. मी खोटं सांगितलं."

"क्विनांचा गोठा म्हणे," डेटी पुढे म्हणाली. "क्विनांच्या गोठ्यासमोर माझ्या बापाने पाय सुद्धा धुतले नसते."

"मग खरी जागा कुठली?" सोरखाने विचारलं. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता, आणि तो डेटीला जास्त लागला.

"ते मी इथे सांगणार नाही. माझ्या बापाने मला उंबऱ्याबाहेर बोलू नको म्हणून सांगितलंय. होडीत बोलता येतं. पण हातात वल्हं लागतं." तिने सोरखाचे हात पाहिले, नखं कापलेली, तळवे मऊ. "उद्या सकाळी धक्क्यावर ये. हातमोजे आणू नकोस, वल्हं निसटतं."

मंडळाने दुरुस्त केलेली मॅलेकीची होडीच घेतली. नवा रंग, नव्या फळ्या, पण बसायच्या आडव्या फळीवर डाव्या बाजूला मॅलेकीने चाकूने पाडलेली खाच तशीच होती, आणि डेटीने बसताना तिच्यावर अंगठा फिरवला. दोघी शेजारी बसल्या, एकेक वल्हं घेऊन. दोन म्हाताऱ्या गुडघ्यांवर आणि एका शहरी पोरीवर विसंबून कुणी तळ्यात सोडत नाही, म्हणून फ्रान्सी इंजिनाची होडी घेऊन मागून निघाला.

"लांब राहा," डेटी ओरडून म्हणाली. "आणि तोंड तिकडे कर. पलीकडे, अँट्रिमकडे."

"देवा रे, अठ्ठ्याहत्तर वर्षांची झालीस तरी माझ्यावर विश्वास नाही?"

"म्हणूनच नाही."

सोरखाचं वल्हं सुरुवातीला पाण्याला नुसतं थपडा मारत होतं आणि होडी गोल फिरायला बघत होती. "ओढू नकोस," डेटी म्हणाली. "पाठ टेकवायची असल्यासारखी मागे जा, वल्हं आपोआप येतं." शंभरेक वल्ह्यांनंतर ते जमलं. वल्हवणाऱ्याचं तोंड मागे असतं, म्हणून दोघींसमोर मागे सरकणारा काठ होता. घरं लहान होत गेली. डेटी धापा टाकत होती आणि मनातून इतकी सुखावली होती की तिला ते लपवता येईना. अठ्ठावन्न वर्षांनी वल्हं हातात आलं होतं.

"आता चर्चचा मनोरा बघ. उजवीकडे. मागे डोंगराला खिंड आहे ना, मनोरा तिच्यात बसू दे. घडवंचीत हंडा बसतो तसा."

मनोरा हळूहळू सरकला आणि खिंडीत बसला.

"ही एक रेघ. आता हिच्यावरूनच बाहेर चल. आणि समोर काठावर एकटं काटेझाड दिसतंय?"

ते झाड पऱ्यांचं. त्याला आमच्याकडे कुणी कुऱ्हाड लावत नाही, रस्ता वळवतात पण झाड ठेवतात. पण मैलभरावरून, राखाडी काठावर, राखाडी घरांमध्ये ते दिसणार कसं? सोरखाने डोळे बारीक केले. आधी काहीच दिसेना. मग काठावर एक पांढरा चौकोन उजळला, त्याला वर टोक होतं, आणि त्या पांढऱ्यावर डावीकडून एक काळी काटकुळी आकृती सरकत आली. वल्ह्यागणिक ती मधे येत गेली.

सोरखाने वल्हं थांबवलं.

"ती तुमची भिंत आहे," ती म्हणाली.

"माझ्या बापाची. मग मॅलेकीची. झाड बरोबर मधोमध आलं की थांब."

"म्हणून तेवढीच पांढरी करता."

"बाकीच्या तीन तळ्यातून दिसत नाहीत. कशाला चुना नासायचा?" डेटीने श्वास घेतला. "मी रंगवायची आणि मॅलेकी इथे येऊन बघायचा. नीट दिसली की होडीत उभा राहून एक वल्हं वर करायचा. फिकी असली की दोन, म्हणजे आणखी एक हात दे. मी तिथून बघायची. सहा वर्षं झाली, इथे कुणी नसतं. मी आपली अंदाजानेच रंगवते."

"का पण? मासेमारी तर बंद झाली तुमच्या घरची."

डेटीला याचं उत्तर कधी शोधावंच लागलं नव्हतं. "नाही रंगवली तर तो परत आला तरी त्याला जागा सापडणार नाही, असं वाटतं," ती म्हणाली. "येणार नाही, ते मला कळतं गं. पुरलं मी त्याला. पण वाटतं."

सोरखाने तिच्या हातावर हात ठेवला. त्या तळव्यावर फोड आला होता.

झाड मधे आलं. कॅमेरा दोरीने खाली गेला आणि सोरखाने मांडीवरच्या छोट्या पडद्यावर हाताची सावली धरली. आधी हिरवट धूसर. मग दगड. गोल, स्वच्छ, बटाट्यांच्या ढिगासारखे दगड, दिसेल तिथपर्यंत. आणि त्यांच्या फटींमधून साबुदाण्यासारखे पिवळसर दाणे.

"अंडी," सोरखा कुजबुजली.

डेटी पडद्यावर इतकी वाकली की नाक टेकलं. तीन पिढ्या या जागेवर जगल्या. दोरीला शिशाचा गोळा बांधून तळाशी सोडायचा आणि बोटांना टकटक लागली की म्हणायचं, दगड आहेत. डोळ्यांनी ते कुणी पाहिलं नव्हतं. बापाने नाही, मॅलेकीने नाही. तिला दोघांची इतकी आठवण आली की ती रडली, चारचौघींसारखी, नाक ओढत.

"फ्रान्सी बघतोय का?" तिने मधेच विचारलं.

"नाही. अँट्रिमकडेच बघतोय."

"मग ठीक आहे."

त्या शनिवार-रविवारी सोरखाच्या दोन्ही हातांना पट्ट्या लागल्या. डेटी परतल्यावर धक्क्यावर फ्रान्सीच तिची वाट अडवून उभा होता. आपली होडी आत्ता रिकामी आहे, तो टोपी फिरवत म्हणाला, आणि सोरखाला वल्हवायचं असेल तर त्याची ना नाही. मग क्विन आला. मग कॉनवे. प्रत्येकाने तिला आपल्या होडीत बसवलं, वल्हं हातात दिलं, आणि बाकीच्यांना तोंड तिकडे करायला लावलं. सोमवारी सातही खडपं बंद पाकिटातून खात्याकडे गेली. खात्याने फेब्रुवारीत सातही जागा वाळूच्या बोटींना बंद केल्या.

धक्क्यावरचा फलक मात्र बदलला नाही. मंडळाने एकमताने ठराव केला की तो छान दिसतो आणि राहू द्यावा. अजून तिथेच आहे. लोक फोटो काढतात.

"माझ्या आजोबांची एक वही आहे घरी," सोरखा एकदा डेटीच्या स्वयंपाकघरात म्हणाली. "त्यात पलीकडच्या काठच्या खुणा लिहिल्यात. त्या पण खोट्या असतील का हो?"

"लिहून ठेवल्या ना? मग खोट्याच."

एप्रिलच्या शेवटी डेटीने चुना भिजवला. काठीला कुंचला बांधला, आणि आढ्याखालचा त्रिकोण रंगवताना दोनदा खाली बसली. दुपारी दमून बादलीशेजारी स्टुलावर टेकली आणि सवयीने तळ्याकडे पाहिलं. पाण्यावर एक होडी होती. तिने डोळ्यांवर हात धरला. होडी मैलभर बाहेर, मनोऱ्याच्या रेघेवर, आणि ज्या जागी ती थांबली ती जागा डेटीला झोपेतही सांगता आली असती.

होडीतली आकृती उठून उभी राहिली, जरा डगमगली, सावरली. तिने एक वल्हं वर केलं.

डेटी स्टुलावरून उठली. तेवढ्यात आकृतीने दुसरंही वल्हं उचललं आणि दोन्ही एकदम वर धरली, बराच वेळ, डेटीला दिसेल अशी.

"फिकी म्हणे," डेटी भिंतीला म्हणाली. चेहऱ्यावरून पाणी ओघळत होतं ते तिने चुन्याच्या हातानेच पुसलं, आणि माश्या उठायच्या आत आणखी एक हात द्यायला बादलीत कुंचला बुडवला.